घरच्या उचापतींसाठी छोटा बोर्ड हवाय: रास्पबेरी पाय ५ घेऊ का?

विहीरवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण दुकानदाराचं ऐकून डोकं गरगरायला लागलंय म्हणून धागा काढतोय.

मिरजेजवळ घर आहे. मागे विहीर, गच्चीवर दीड हजार लिटरची टाकी, मोटार सिंगल फेज, एक एचपीची. टाकी भरली की मोटार आपली आपण बंद व्हावी, खाली होत आली की सुरू व्हावी, आणि उन्हाळ्यात विहीर तळाला गेली असेल तर सुरूच राहू नये, एवढं पहिलं काम. दुसरं, अंगणातला पाऊस आणि तापमान मोजून नोंदी ठेवायच्यात. तिसरं, वडिलांच्या नाट्यसंगीताच्या शंभरेक कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्यात, त्या घरात कुणालाही फोनवरून लावता याव्यात. चौथं म्हणजे आठवीतली भाची. तिला प्रोग्रॅमिंगची गोडी लागलीय, सुट्टीत इकडे आली की हातात द्यायला काहीतरी हवं.

एकच दमदार बोर्ड घ्यावा आणि सगळं त्यावर चढवावं असा बेत आहे. रास्पबेरी पाय ५ (एकाच बोर्डावरचा छोटा लिनक्स संगणक), आठ जीबी रॅमचा. दुकानदार म्हणतो ऑरेंज पाय (दुसऱ्या कंपनीचा तसाच बोर्ड) घ्या, त्याच पैशात जास्त मिळतं. बजेट सगळं मिळून दहा हजार. सी येते, लिनक्स वापरलंय, सोल्डरिंग जमतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला

आठ जीबीचं करणार काय? तुमच्या यादीत एकही काम असं नाही ज्याला दोन जीबीच्या वर रॅम लागेल. रॅम महागल्यामुळे २०२५च्या डिसेंबरात कंपनीने पाय ४ आणि पाय ५च्या किमती वाढवल्या आणि खालच्या बाजूला १ जीबीचा पाय ५ आणला. हौसेखातर रॅम घ्यायचे दिवस सध्या तरी नाहीत.

पाय ५चा वरखर्चही धरा. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, फोनचा फास्ट चार्जर चालत नाही. तो ९ व्होल्टवर जाऊन वॅट वाढवतो, ५ व्होल्टवर बहुतेक वेळा ३ अँपिअरच देतो. ३ अँपिअरवर बोर्ड सुरू होतो, पण यूएसबीच्या चारही पोर्टांना मिळून ६००च मिलिअँपिअर सोडतो. त्यावर हार्डडिस्क लावलीत की रडारड. शिवाय पंखा, मायक्रो एचडीएमआयची केबल, बरं कार्ड. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास एक चक्कर मारली की यादी आपोआप वाढते, अनुभवाने सांगतो.

आणि ऐका, पाय ५ला ३.५ मिमीचा ऑडिओ जॅकच नाही. गाणी वाजवायचीत ना तुम्हाला?

ओहमकार

एकच बोर्ड हा बेत मुळात सोडा. तुमच्या चार कामांत दोन जाती आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांच्या उलटे आहेत.

टाकी आणि पाऊस ही कामं अशी की सेन्सर वाचायचा, रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढायचा किंवा सोडायचा, आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं, घरात कुणाचं लक्ष असो वा नसो. याला लिनक्स लागत नाही. किंबहुना नसलेला बरा. वीज येऊन-जाऊन झाली की लिनक्सच्या बोर्डाला उठून उभं राहायला अर्धाएक मिनिट जातं, आणि वीज नेमकी कार्डावर लिहिणं चालू असताना गेली तर तो उठेलच याची खात्री नाही. दुसरी अडचण वेळेची. डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर 'शून्य' सांगताना सुमारे २६ मायक्रोसेकंद पिन वर ठेवतो आणि 'एक' सांगताना ७०. हा फरक मोजत असतानाच लिनक्स दुसऱ्या कामाला पळाला की वाचन फसतं. पुन्हा वाचता येतं, प्रश्न तो नाही. पण ज्या कामाला मोटार जोडलेली आहे तिथे 'पुन्हा बघू' ही वृत्ती मला नको असते.

तिसरी गोष्ट, रास्पबेरी पायच्या कुठल्याही मोठ्या बोर्डावर ॲनालॉग इनपुट नाही. जमिनीतला ओलावा किंवा मोटारीचा करंट मोजायचा तर एमसीपी३००८सारखी वेगळी चिप लावावी लागते.

ईएसपी३२ बघा, लिनक्सशिवाय एकच कोड चालवणारी मायक्रोकंट्रोलर चिप. शांघायच्या एस्प्रेसिफने २०१६मध्ये आणली. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ अंगचंच, ॲनालॉग पिनाही आहेत. डेव्हलपमेंट बोर्ड चारपाचशे रुपयांत मिळतो. वीज आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तुमचा कोड चालू, मधे कार्ड नाही, फाइलसिस्टिम नाही. सी येते म्हणालात, मग अर्दुइनो आयडीईत घाला हात. टाकीसाठी पाय ५ म्हणजे देवघरातल्या समईसाठी जनरेटर बसवण्यापैकी आहे.

अर्धवटराव

ईएसपी ठीक आहे, पण गाण्यांसाठी तरी नवा बोर्ड कशाला? घरात एखादा जुना लॅपटॉप पडला असेलच, स्क्रीन फुटलेला, कीबोर्ड अर्धा गेलेला. त्यावर डेबियन टाका. हार्डडिस्क आत, ऑडिओ जॅक आहे, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे यूपीएस फुकटात, बॅटरीच्या रूपाने. लोक आधी पाय घेतात, मग त्याला डिस्क, मग डिस्कला डबा, मग पॉवरचं हॅट (वर बसणारा जोडबोर्ड). शेवटी टेबलावर वायरींचं जंजाळ आणि खर्च जुन्या मिनी पीसीएवढा.

पेठेतला

अर्धवटराव, हिशेब करा की. जुना लॅपटॉप नुसता बसून १५ वॅट खातो असं धरू, पाय ४ चार वॅट. वर्षाला १३१ युनिट विरुद्ध ३५. युनिट दहा रुपयांचं धरलं तर साडेनऊशेचा फरक, दरवर्षी. आणि चोवीस तास चार्जरला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगते. ती काढलीत की तुमचा फुकटातला यूपीएसही गेला.

अर्धवटराव

साडेनऊशे रुपयांसाठी पाच हजारांचा बोर्ड घ्या. तुमच्या पेठेतला हिशेब आहे, मी काय बोलणार.

विहीरवाला

भांडू नका हो :) लॅपटॉप होता, तो मागच्या वर्षी भंगारात दिला.

ओहमकार, पटतंय. पण मला टाकीची पातळी फोनवर बघायची आहे. ईएसपीवरून ते होतं का? आणि राउटर बंद असेल तेव्हा काय? आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा डोळे मिचकावते त्याची गणती नाही.

ओहमकार

फोनवर दिसतं. ईएसपी स्वतःच छोटं वेबपान दाखवू शकतो. पण राउटर असो-नसो, मोटारीचा निर्णय ईएसपीनेच घ्यायचा, हा नियम पाळा. फोन, सर्व्हर, इंटरनेट ही सगळी फक्त बघ्यांची गर्दी. बरेच जण उलटं करतात: सेन्सर सर्व्हरला सांगतो, सर्व्हर रिलेला सांगतो, आणि सर्व्हर झोपला की गच्चीवरून धबधबा.

टाकी गच्चीवर आणि स्टार्टर खाली विहिरीपाशी, म्हणजे दोन ईएसपी लागतील. ते आपसात ईएसपी-नाऊ या पद्धतीने बोलू शकतात, त्याला राउटर लागत नाही. खालच्याला ठरावीक वेळात वरून निरोप आला नाही तर त्याने मोटार बंद करायची. निरोप नाही म्हणजे पाणी नको, इतकं सरळ.

पातळी मोजायला लोक एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात. बंद टाकीत त्याच्यावर बाष्प धरतं आणि तो महिन्याभरात वेड्यासारखी वाचनं द्यायला लागतो. पाणी न शिरणारा जेएसएन-एसआर०४टी घ्या, पण तो साधारण २०-२५ सेंमीच्या आतलं काही बघू शकत नाही, म्हणून झाकणापासून उंच बसवा, नाहीतर टाकी भरत आली की नेमका तेव्हाच आंधळा. दोन्हींचा इको (परतीचा सिग्नल) ५ व्होल्टचा असतो आणि ईएसपीची पिन ३.३ची. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरचा विभाजक टाका, ३.३३ व्होल्ट मिळतात.

सुरू ३० टक्क्यांवर, बंद ९५ टक्क्यांवर, असं अंतर ठेवा. एकाच आकड्यावर चालू-बंद ठेवलंत तर पाण्याच्या लाटेसरशी मोटार फडफडत राहील.

तीन_फेज

कोल्हापूरकर बोलतोय. मोटारींचं काम आमचं रोजचं, म्हणून जरा दमानं ऐका.

ते निळं छोटं रिले येतंय ना बोर्डावर, १० अँपिअर लिहिलेलं, त्यावर थेट मोटार लावायची नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट हे चालू झाल्यावरचं. सुरू होताना करंट कैक पटीनं उसळतोय. चार दिवस चालंल, मग कॉन्टॅक्ट चिकटून बसंल. चिकटलं की कोड कितीबी 'बंद' म्हणू दे, मोटार चालूच. रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची (मोटारीचा भार पेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल ओढायची आणि कॉन्टॅक्टरनं मोटार. वर ओव्हरलोड आणि एमसीबी.

दुसरं, टाकीत एक साधा फ्लोट स्विच टाका आणि त्याची वायर रिले बोर्डाच्या ५ व्होल्टच्या लाइनीत सिरीजमध्ये घाला. टाकी काठोकाठ आली की फ्लोट उघडला, रिलेचा ५ व्होल्ट गेला, कॉन्टॅक्टर सुटला. यात कोडचा संबंधच नाही. २३० व्होल्टची वायर मात्र टाकीपर्यंत न्यायची नाही, लोक नेतात, तरी न्यायची नाही.

कोरड्या विहिरीचं म्हणाल तर मोटार पाण्याविना फिरली की अँपिअर खाली येतात. करंट ट्रान्सफॉर्मरची कडी एका वायरीभोवती अडकवा, वायर कापायची गरज नाही. नेहमीचे अँपिअर लिहून ठेवा, त्याच्या बरेच खाली गेले की बंद. आणि शेवटी हातानं चालवायचा बायपास स्विच ठेवा. लग्नकार्य असतंय घरात, त्या दिवशीच सेन्सर बिघडतोय.

ओहमकार

तीन_फेज, दंडवत. फ्लोटची ती कल्पना मीही उचलतोय. करंटच्या जोडीला कोडमध्ये एवढंही टाका की मोटार सुरू होऊन पाच मिनिटांत टाकीची पातळी हललीच नाही तर बंद. पाइप निसटला असेल तरी पकडला जातो.

करंट वाचायला ईएसपी३२च्या एडीसी२ गटातल्या पिना घेऊ नका, वायफाय चालू असताना त्या ॲनालॉग वाचत नाहीत. एडीसी१च्या, म्हणजे ३२ ते ३९ या क्रमांकांतल्या घ्या.

कर्नलभाऊ

ऑरेंज पायचा प्रश्न तसाच राहिला. कागदावर ते बोर्ड खरंच सरस दिसतात. ऑरेंज पाय ५मधली आरके३५८८एस चिप पाय ४ला सहज मागे टाकते. पण आपण बोर्ड घेतो तेव्हा चिपसोबत तिचा कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि तो सांभाळणारी माणसंही घेतो, आणि तिथे सगळं अडतं.

कंपनीची इमेज बऱ्याचदा गूगल ड्राइव्हवरून उतरवायची, त्यातला कर्नल चिप बनवणाऱ्याने कधीतरी फांदी फोडून काढलेला. आरके३५८८वाले वर्षानुवर्षं कर्नलच्या ५.१० आवृत्तीवर बसून होते. मूळ लिनक्समध्ये आधार येतो, पण तुकड्या-तुकड्याने: आज इथरनेट चालतं, एचडीएमआय नंतर कधीतरी. अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणारी आर्मबियनची मंडळी यात मोठं काम करतात, त्यांच्याशिवाय यातले निम्मे बोर्ड पेपरवेट झाले असते. घ्यायचाच असेल तर बोर्ड विकत घेण्यापूर्वी आर्मबियनच्या पानावर जाऊन तो कुठल्या गटात आहे ते बघा. ज्याला नावानिशी सांभाळणारा आहे तो घ्या, 'समुदाय' गटातला असेल तर आपण वाट्टेल ते सोसायला तयार आहोत असं समजून घ्या.

याच्या उलट रास्पबेरी पाय. २०१२च्या २९ फेब्रुवारीला आलेल्या पहिल्या मॉडेल बीवर आजची ३२ बिटांची रास्पबेरी पाय ओएस चढते. रांगत चालेल, पण चालेल. आणि पाय ५ निदान जानेवारी २०३६पर्यंत बनवत राहू असं कंपनीने लिहून दिलंय. बोर्ड जळला तर तसाच दुसरा मिळणं हे घरगुती उपकरणात फार मोठं सुख आहे.

ज्याला कर्नलशीच खेळायचंय त्याने मात्र बिनधास्त ऑरेंज पाय, रॅडझा, ओड्रॉइड घ्यावेत. मी स्वतः तेच करतो. पण ती माझी हौस आहे, टाकी नाही.

पेठेतला

+१. फक्त एक जोडतो. पायच्या बाबतीतही नेटवरचे जुने धडे जपून वापरा. पाय ५वर पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्यात, त्यामुळे आरपीआय-जीपीआयओ ही जुनी पायथन लायब्ररी तिथे चालत नाही. २०१८चा व्हिडिओ बघून टंकत बसलात की पहिल्याच ओळीला एरर. जीपीआयओ-झिरो वापरा.

आणि २०२१ ते २०२३ची टंचाई कुणी विसरू नका. तेव्हा पाय ४ दुप्पट-तिप्पट भावानेही मिळत नव्हता आणि याच ऑरेंज पायवाल्यांनी लोकांची कामं तगवली. कर्नलभाऊंचं सगळं मान्य, पण थोडं श्रेय त्यांनाही.

पत्र्याखाली

अकोल्याहून लिहून रायलो. तुम्ही सारे वीज, कर्नल बोलता, उन्हाचं कोणी बोललंच नाही ना बाप्पा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी हवाच ४५ अंश. पाय ८० अंशाला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, ८५ला अजूनच. पंख्याशिवाय पाय ५ आमच्याकडं उन्हाळ्यात चालतो तो नावालाच. बंद प्लास्टिकच्या डब्यात तर इचारूच नका.

पायचा छोटा भाऊ झिरो २ डब्ल्यू, त्याला मात्र ॲल्युमिनियमची छोटी पट्टी चिकटवली तर पुरते. गाण्यांसाठी तोच घ्या म्हणतो मी. ५१२ एमबी रॅम, चार कोअर, गाण्यांच्या सर्व्हरला लय झालं. ९० मिनिटांची कॅसेट २५६ केबीपीएसला १७३ एमबी होते, शंभर कॅसेटी म्हणजे सव्वासतरा जीबी. ६४च्या कार्डात बसतात.

कर्नलभाऊ

बसतात, पण मूळ प्रत कार्डावर एकुलती ठेवू नका. वडिलांच्या कॅसेट आहेत त्या.

झिरो २ डब्ल्यूचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे आणि यूएसबीचा एकच मायक्रो पोर्ट. गाण्यांना अडचण नाही. पुढेमागे फोटो, व्हिडिओ ठेवायचे असतील तर पाय ४, २ जीबी घ्या: गिगाबिट इथरनेट, यूएसबी ३, ऑडिओ जॅकही आहे. व्हिडिओत गंमत अशी की पाय ४मध्ये एच.२६४ (व्हिडिओ साठवायचा एक प्रकार) उलगडायचं हार्डवेअर होतं, पाय ५मध्ये ते काढून फक्त एचईव्हीसीचं ठेवलंय. नवीन म्हणजे प्रत्येक बाबतीत वरचढ असं नसतं.

कोकणी_मास्तरीण

भाचीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळेत शिकवते, आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब आहे.

आठवीतल्या मुलीला पाय ५ देऊ नका. मुलं पहिले दोन तास कार्ड लिहिण्यात, वायफाय जोडण्यात, अपडेट बघण्यात घालवतात आणि एलईडी लुकलुकेपर्यंत उत्साह आटतो. यूएसबी जोडली, चार ओळी लिहिल्या, दिवा लागला, हे पहिल्या दहा मिनिटांत व्हायला हवं. त्यासाठी मायक्रोबिट उत्तम. २०१६मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या सातवीच्या वर्गातल्या जवळपास दहा लाख मुलांना तो फुकट वाटला होता. पाच बाय पाचचे दिवे, बटणं, हलवलेलं कळणारा सेन्सर, दुसऱ्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही. ठोकळे जोडून किंवा पायथनमध्ये, दोन्ही जमतं.

तिला टंकायची सवय असेल तर पिको डब्ल्यू आणि मायक्रोपायथन. पायच्याच कंपनीचा, पण लिनक्सवाला नाही, ईएसपीच्या जातीचा. स्वस्त आहे, जळला तर घरात कुणी ओरडत नाही. मुलांच्या हातात बोर्ड देताना मी हे सगळ्यात आधी बघते. जो बोर्ड जळायची भीती वाटते त्यावर मूल काही करून बघत नाही.

देशी काही हवं असेल तर सी-डॅकचे एरीज बोर्ड आहेत, त्यांच्याच वेगा प्रोसेसरवर बनलेले, रिस्क-फाइव्ह, १०० मेगाहर्ट्झ. अर्दुइनो आयडीईतून चालतात. तयार धडे आणि लायब्ररी अजून कमी आहेत, म्हणून नवशिक्या मुलापेक्षा डिप्लोमाच्या पोरांना देईन.

पावसात बाहेर ठेवायच्या बोर्डाबद्दल एक: डब्याच्या वायरींची भोकं खालच्या बाजूला करा आणि बुजवा. आमच्याकडे पाण्याने कमी आणि मुंग्या-पालींनी जास्त बोर्ड मेलेत.

जुनाट

अवांतर: मास्तरीणबाईंनी बीबीसीचं नाव काढलं म्हणून. १९८४च्या सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात आपल्याकडच्या शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलेले. आमच्या शाळेत चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचो. त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पहिला आर्म प्रोसेसर केला, आणि आज तुम्ही ज्या-ज्या पायबद्दल भांडताय ते सगळे आर्मवरच चालतात. पायची मॉडेल ए आणि मॉडेल बी ही नावंही बीबीसी मायक्रोवरून घेतलेली. चालू द्या.

विहीरवाला

जुनाटराव, असं अवांतर रोज येऊ दे.

कार्ड खराब होण्याबद्दल जरा सविस्तर सांगाल का? झिरो घेतला तरी तो प्रश्न राहतोच ना? घरात इन्व्हर्टर आहे.

कर्नलभाऊ

राहतो, पण आटोक्यात आणता येतो. इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा पुढे 'यूपीएस मोड'चं बटण असतं ते दाबलेलं आहे का बघा. साध्या मोडवर वीज गेल्यावर बदल व्हायला इतका वेळ लागतो की पंख्याला कळत नाही पण बोर्ड बसकण मारू शकतो. नाहीतर राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस घ्या. ५ व्होल्टचीही पिन असलेला घेतला तर राउटर आणि झिरो दोन्ही त्यावर चालतात.

दुसरं म्हणजे लिहिणंच कमी करायचं. रास्पबेरी पाय ओएसच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइलसिस्टिम चालू करता येते. मग कार्ड फक्त वाचलं जातं, बदल रॅममध्ये राहतात आणि बंद केल्यावर पुसले जातात. गाणी वाजवणाऱ्या बोर्डाला हे फिट्ट बसतं, नवीन गाणी टाकायची तेव्हा तेवढी ती बंद करायची. पावसाच्या नोंदी मात्र त्यावर ठेवू नका, त्यांना लिहायला जागा लागणार. त्यासाठी छोटा पेनड्राइव्ह वेगळा.

कार्डं मूळ विक्रेत्याकडून घ्या, एन्ड्युरन्स प्रकारातलं. आणि केबल जाड घ्या. कार्डाच्या नावाने जेवढी बोंब होते त्यातली बरीचशी खरं तर बारीक केबलची असते. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की पाय इशारा देतो, लॉगमध्ये अंडरव्होल्टेज शोधा म्हणजे कळेल.

विहीरवाला

मंडळी, ठरलं. पाय ५ रद्द. दोन ईएसपी३२ टाकीसाठी, एक अंगणातल्या हवामानासाठी. गाण्यांसाठी आणि नोंदी जमवायला झिरो २ डब्ल्यू. भाचीला मायक्रोबिट, आणि एक पिको डब्ल्यू मी गुपचूप मागवतोय. अडॅप्टर, कार्ड, कॉन्टॅक्टर, रिले, फ्लोट धरून दहाच्या आत बसतंय.

पर्जन्यमापक घरीच करतोय. नरसाळं १६ सेंमी व्यासाचं, म्हणजे २०१ चौरस सेंमी. दर मिमी पावसाला २० मिली पाणी येतं. खालचं दुपाखी झुलतं भांडं ४ मिलीला कलंडेल असं बसवलं की एक कलंडणं म्हणजे ०.२ मिमी. चुंबक आणि त्या चुंबकाने मिटणारा रीड स्विच लावलाय.

शेवटची शंका: खालच्या ईएसपीवर रिले १२ नंबरच्या पिनेला आणि फ्लोटची स्थिती वाचायला ३४ ठरवलीय. चालेल?

ओहमकार

१२ नको! ती पिन सुरू होताना वर असेल तर ईएसपी३२ फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं धरतो आणि बूटच होत नाही. तुमच्या टेबलावर चालेल, एक दिवस वीज येईल तेव्हा उठणार नाही. २५, २६, २७ यांपैकी घ्या. ३४ चालेल, पण ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि आतून पुल-अप (पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही. बाहेरून १० केचा रेझिस्टर ३.३ला जोडा. फ्लोट रिलेच्या ५ व्होल्टच्या लाइनीत आहे, तीच वायर ३४ला लावू नका, दुसरा कॉन्टॅक्ट किंवा दुसरा फ्लोट वापरा.

रीड स्विचचं एक कलंडणं कधीकधी दोन-तीनदा मोजलं जातं. कोडमध्ये शेदोनशे मिलिसेकंदांचा विराम टाका.

तीन_फेज

रिले घेताना 'हाय ट्रिगर'चं (पिन वर गेली की ओढणारं) घ्या. लो ट्रिगरवालं ५ व्होल्टचं बोर्ड ३.३च्या पिनेनं धड बंद होत नाही, एलईडी मिणमिणत राहतोय. कॉन्टॅक्टर जोडताना मेन स्विच पाडून वर टेस्टरनं बघा.

विहीरवाला

रिले २७वर, फ्लोट दोन घेतो. १० केचे रेझिस्टर डब्यात आहेत. कॉन्टॅक्टरला रविवारी वायरमन बोलावलाय, ते मी स्वतः करत नाही.

अर्धवटराव

ते १६ सेंमीचं नरसाळं कुठे मिळालं? मी रॉकेलचं घेऊन बसलोय, फारच छोटं आहे.

विहीरवाला

मिरजेच्या बाजारात, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात. काठ आतून गोल नको, धारदार बघून घ्या, नाहीतर थेंब बाहेर उडतात.